कडेचा स्पंज

लाज वाटते म्हणूनच लिहितेय. बादशाहचाचा म्हणजे आमच्या बारामतीच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर. तीस वर्षं अंथुर्ण्याहून सकाळच्या एसटीनं यायचे. दर वर्षी पाण्याच्या लाटांचा प्रयोग लावायचा, की आधी काचेच्या ट्रेच्या चारी कडांना स्पंजच्या पट्ट्या बसवायच्या, हे काम त्यांचं. स्पंज नसला की लाट कडेला आपटून माघारी येते आणि सगळा घोळ होतो.

हे मला, तिथं शिकवणाऱ्या बाईला, ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण गेल्या वर्षी चर्चासत्रासाठी मी कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनची लाट दोन फटींतून सोडली, तर पडद्यावर नको तिथं बारीक पट्टे उमटायला लागले. आठ दिवस प्रोग्रॅम उलटापालटा केला, डोकं नुसतं भणभणलं. चर्चासत्र चार दिवसांवर आलं होतं.

चाचा चहा ठेवायला आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, कडंला स्पंज न्हाय लावला व्हय?"

विद्यार्थी फिदीफिदी हसले. मी फणकारले, "चाचा, हे पाणी नाही! तुम्ही तुमचा चहा सांभाळा."

"बरं," म्हणून ते गेले. दुपारी एकटी बसले तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझीही लाट चौकटीच्या कडांवर आपटून परतत होती. कडेनं लाट हळूहळू विझवणारा पट्टा प्रोग्रॅममध्ये घातला. नको ते पट्टे गायब!

चर्चासत्रात पाहुण्या सरांनी विचारलं, "कडांचं हे कसं सुचलं?" चाचा दारातच पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. आणि मी, दीडशहाणी, म्हणाले, "विचार करता करता सुचलं, सर." टाळ्या पडल्या. बाटल्या खाली ठेवून चाचांनीही वाजवल्या. तोंड कुठं लपवू असं झालं, पण बोलले नाही ते नाहीच.

गेल्या महिन्यात चाचा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी ते ट्रे आवरत होते, तेव्हा धीर करून म्हटलं, "चाचा, चुकलं माझं. तुमचं नाव घ्यायला हवं होतं."

"जाऊ द्या ओ," ते स्पंज पिळत म्हणाले. "ती अक्कल माझी कुठं हाय? आमच्या आबासाहेब सरांची. सर जाऊन वीस वर्सं झाली, पर पट्ट्या लावताना दर साली पोरांस्नी त्यांचं नाव सांगतोच मी. आता तुमी सांगाल न्हवं?"

मी खाली मान घालून "हो" म्हटलं. सहा वर्षं मी त्याच प्रयोगशाळेत होते, आणि ते नाव पहिल्यांदा ऐकत होते.