धावड्याला नेसवलेलं लुगडं

पुण्यातल्या आमच्या साहेबांना जंगल म्हटलं की शेवाळ लागतं. शेवाळ, धुकं आणि झाडांच्या आड झुळझुळणारा ओढा. मी जिंतूरच्या डोंगरातली. होळीनंतर आमच्या झाडांवर पान राहत नाही, ओढ्यात फक्त दगड असतात आणि त्यांवर पाय ठेवला तर पोळतो. तरी ते जंगलच आहे, असं मी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं. तिथूनच आमचं बिनसलं.

काम होतं कॉम्प्युटर गेमसाठी मोठं जंगल उभं करायचं, खेळणाऱ्याला वाटेल तिकडे भटकता येईल असं. झाडं मनाने काढायची नाहीत. खऱ्या झाडाभोवती फिरून सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे आणि त्यांतून कॉम्प्युटरवर तेच झाड उभं करायचं, सालीच्या खवल्यांसकट. मग ते हलकं करायचं, नाहीतर गेम जागेवरच अडतो. ‘कुठलंही जंगल चालेल,’ साहेब म्हणाले होते. मी सरळ गावाकडची एसटी पकडली.

आमच्या डोंगराला शाळेपासून सगळे ‘उजाड’ म्हणत आले. आम्ही मायलेकी त्याच डोंगरातून मोळ्या आणायचो आणि घरची चूल पेटायची. उजाडातून चूल पेटते का? हा राग मी कॅमेऱ्याबरोबरच घेऊन गेले होते, खोटं कशाला बोलू.

पण या कामाला ऊन चालत नाही. खोडावर ऊनसावली पडली की ती फोटोतून खोडालाच चिकटते आणि गेममध्ये रात्र झाली तरी जात नाही. म्हणून हे काम करणारे ढगाळ दिवसाची वाट बघतात. आमच्याकडे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी चार बांबू रोवले आणि घरातून हाताला लागलेलं आईचं हिरवं लुगडं धावड्याच्या झाडाभोवती आणि वरून बांधलं. आई एक टोक धरून उभी होती.

‘झाडाला लुगडं नेसवायलीस व्हय?’ ती म्हणाली. ‘चोळी बी आनू का?’

चूक घरी आल्यावर कळली. धावड्याची साल राखाडी-पांढरी. कॉम्प्युटरवर मात्र ती हिरवीगार आली होती. लुगड्यातून गाळून आलेल्या उन्हाने अख्खं खोड रंगवलं होतं. मी कपाळावर हात मारला, आणि कच्चं काम म्हणून ते तसंच पुण्याला पाठवलं.

साहेबांचा लगेच फोन. ‘हेच हवं होतं! आता कसं जंगल वाटतंय. हे शेवाळ सापडलं कुठे?’

‘सर, ते शेवाळ नाही. माझ्या आईच्या लुगड्याचा रंग आहे.’

ते खूप हसले. मग म्हणाले, ‘राहू दे तसंच. सगळी झाडं अशीच करून आण.’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘मग जंगल दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. विचार कर.’

अख्खं जंगल माझ्या एकटीच्या हातात पहिल्यांदाच आलं होतं. पण माझ्या डोंगराला जंगल म्हणवून घ्यायला दुसऱ्याचा रंग फासावा लागणार असेल, तर गेलं उडत! मी ते हिरवं झाड पुसून टाकलं आणि आईला पांढरं कापड मागितलं. तिने पेटी उघडून पौर्णिमेला विहारात नेसायचं लुगडं काढलं. मी नको नको म्हणत राहिले.

‘घे गं,’ ती म्हणाली. ‘भगवान बी झाडाखालीच बसले व्हते.’

त्या पांढऱ्या लुगड्याखाली मी धावडे घेतले, सागाची खोडं घेतली, ओढ्यातले दगड घेतले. पाठवताना एक ओळ लिहिली: रंग खरा आहे, बदलू नये.

जंगल दुसऱ्याकडेच गेलं. तिथे आता हवं तेवढं धुकं आहे. माझा डोंगर नकाशाच्या एका कोपऱ्यात ठेवलाय, कुणी भटकत गेलंच तर म्हणून. साहेबांना वाटतं, त्यांनी माझी समजूत काढली. मला एवढंच कळतं, की त्यांचं शेवाळ संपतं तिथे माझे धावडे सुरू होतात आणि त्यांतल्या एकाही खोडावर हिरवा ठिपका नाही.

परवा गावी जाऊन लॅपटॉप आईपुढे ठेवला आणि तिचं बोट बटणावर टेकवलं. ती ओढ्यातून वर चढली, धावड्यांमधून बरीच आत गेली. मग थांबून पडद्यात वाकून बघायला लागली.

‘सावली कुटंच न्हाई गं हितं.’

‘न्हाई.’

‘मंग बरूबर हाय,’ आई म्हणाली. ‘आपलाच डोंगर हाय.’ आणि बटण दाबून पुढे चालायला लागली.