बेटम्याहून आणलेलं पांढरं पिल्लू

मी दहा वर्षांची असताना आईने कुत्रं पाळायला परवानगी दिली, पण एका अटीवर. "पिल्लू यायच्या आधी त्याचं सगळं सामान घरात पाहिजे. ते आल्यावर 'हे दे, ते आण' माझ्याच्याने होणार नाही."

कुत्र्याच्या पिल्लाला काय सामान लागतं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील परदेशीपुऱ्यातल्या एका मिलच्या ऑफिसात कारकून होते; त्यांचा संबंध फक्त फायलींशी.

"सांगणारा एकच माणूस आहे," ते म्हणाले. "पण तो आपल्याशी बोलेल की नाही, कोण जाणे."

तो माणूस म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे दरोगाजी. संस्थानं होती तेव्हा माळव्यातल्या एका जहागिरदाराची शिकारी कुत्री त्यांच्या ताब्यात असत. जहागीर गेली, कुत्री गेली, दरोगाजी हे नाव तेवढं राहिलं. ते एकटेच राहत, स्वतःच भाकरी थापत, आणि दुपारभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं बघत की त्यांच्या दारात गेलेला चेंडू आम्ही मुलं परत मागत नसू.

आम्ही गेलो तेव्हा ते मिशा विंचरत होते. वडिलांनी कशाला आलो ते सांगितलं. दरोगाजींनी आधी मिशा पुऱ्या केल्या, मग मला म्हणाले, "पाटी आण. लिहून घे, मी दोनदा सांगत नसतो."

मी धावत जाऊन पाटी आणली.

"चहाचं रिकामं खोकं, एक बाजू कापलेली. खाली गोणपाट. पाण्याला मातीचं जड कुंडं, हलकं भांडं ते उलटं करणार. जेवायला वेगळी ताटली. चुलीची राख, डबाभर. कशाला ते विचारू नको, पहिल्याच दिवशी समजेल. मऊ सुताची दोरी. चावायला एक जुनी चप्पल, म्हणजे नवी वाचेल. और सुनो, एक जुनं धोतर. ते पिल्लाच्या आईच्या अंगाला घासायचं आणि खोक्यात ठेवायचं. आईचा वास असला की पिल्लू कमी रडतं."

आठवड्याभरात सगळं जमलं. राखेचा डबा तर आईनेच भरून ठेवला. रविवारी वडील आणि मी बेटम्याला जायला निघालो, तर बसपाशी दरोगाजी आधीच हजर. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला साफा.

"तुम्ही लोक रूप बघून पिल्लू उचलाल," ते म्हणाले, आणि खिडकीची जागा धरून बसले.

बेटम्यात वडिलांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. त्यातलं एक सगळं पांढरं. ते सरळ चालत आलं आणि माझ्या पायावर बसलं.

"बाबा, हेच."

तेवढ्यात समोरच्या रस्त्याने धारची बस भोंगा वाजवत गेली. चार पिल्लं कडब्यात पळाली. पांढरं माझ्या सँडलचा पट्टा चावत तसंच बसलं होतं. दरोगाजी वाकले. त्याच्या डोक्यामागे टाळी वाजवली. मग शेतकऱ्याची बादली घेऊन काठीने बडवली. पिल्लाने मानही वळवली नाही.

"बहिरं आहे," दरोगाजी म्हणाले. "दुसरं घे."

"म्हारे तो मालूम नी थो, बाबूजी," शेतकरी ओशाळून म्हणाला.

मी म्हटलं, मला दुसरं नको. वडिलांनी विचारलं, "दरोगाजी, जहागिरदाराकडे अशी पिल्लं निघायची?"

"निघायची."

"मग काय करायचात?"

दरोगाजी शेताकडे बघत होते. "शिकारीला कान लागतात. ठेवत नसत. एक मी लपवून ठेवलं होतं, दोन महिने. हाताच्या खुणांनी शिकवत होतो. चांगलं शिकत होतं. मग कुणीतरी वर जाऊन सांगितलं."

वडिलांनी पिशवीतलं धोतर काढून माझ्या हातात दिलं. "जा, त्याच्या आईच्या अंगाला नीट घास."

परतताना पिल्लू दरोगाजींच्या कोटात होतं, फक्त नाक बाहेर. बस सुटल्याबरोबर ते म्हणाले, "यादी वाढवायला लागेल. गळ्यात घुंगरू. त्याला ऐकू येणार नाही, पण ते कुठे आहे ते आपल्याला कळेल. दारात एक लाकडी फळी. हाक मारायची नाही, फळीवर पाय आपटायचा, त्याला पायातून समजतं. आणि झोपेत असताना मागून हात लावायचा नाही. आधी समोर जायचं."

दुसऱ्या दिवसापासून मिलचा सकाळचा भोंगा झाला की दरोगाजी आमच्या अंगणात येऊ लागले. उघडा पंजा म्हणजे बस. दोन बोटं म्हणजे ये. हात छातीला लावला म्हणजे शाबास. पिल्लापेक्षा जास्त बोलणी मी खाल्ली, कारण माझा पंजा ढिला पडायचा. आई पहिले काही दिवस दारातूनच बघत होती, मग चहा आणू लागली, मग पोहे. महिन्याभरात ती स्वतःच फोडणी टाकता टाकता दोन बोटांनी कुत्र्याला बोलवायला लागली. वडिलांनी एकदा जेवताना मला उघडा पंजा दाखवला आणि मी मुकाट्याने खाली बसले.

ते कुत्रं अकरा वर्षं जगलं. त्यातली आठ वर्षं, आजारपणाचे दिवस सोडले तर, दरोगाजींची फेरी चुकली नाही. पुढे पुढे गल्लीतली मुलंही त्यांच्याकडे खुणा शिकायला येत, आणि ते त्यांना रांगेत उभं करून शिकवत.

मला सगळ्यात चांगली आठवते ती पहिली दिवाळी. सुतळी बॉम्बच्या आवाजाने गल्लीतली झाडून सारी कुत्री खाटांखाली, नाल्यांत दडून बसली होती. आमचं मात्र ओट्याच्या कडेला पाय पसरून पंजा चाटत पडलं होतं. शेजारी खुर्चीवर दरोगाजी, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. पलीकडच्या गल्लीतले लोक बघायला जमले. एकाने दरोगाजींच्या कानाशी वाकून विचारलं, "इसको डर नहीं लगता क्या?"

दरोगाजींनी एका कानातला बोळा काढला, कुत्र्याकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "तालीम है, भिया."