गादीखालचा जॅक

माझ्या लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. सकाळी मासळी वाळत घालताना सासूबाई घसरून पडल्या आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. गावातल्या हाडवैद्यानं बांबूच्या कांबट्या लावून पाय बांधला, पण चेहरा पाडून म्हणाला, "ह्ये माझ्या हातचं न्हाय. अलिबागला न्या, आत्ताच्या आत्ता."

गावात गाडी एकच, माझ्या चुलत दिरांची. लष्करानं काढून टाकलेली ती जुनी पिकप रोज मासळीच्या पाट्या घेऊन रेवसच्या धक्क्यावर जायची. दीर त्या दिवशी लाँचनं मुंबईला गेले होते, पण चावी घरात होती. आमच्या ह्यांनी मुंबईत लॉरी चालवलेली, तरी या गाडीला कधी हात लावलेला नव्हता. मागे धक्के फार बसतील म्हणून सासूबाईंना पुढेच घेतलं. दाराला उशी लावून त्या टेकल्या, मी मधे बसले आणि त्यांचा बांधलेला पाय गोधडीसकट माझ्या मांडीवर घेतला.

रस्त्यानं खाडीला मोठा वळसा पडे. ओहोटीला गाड्या सरळ खाडीच्या रेतीवरून पलीकडे जात.

"ओहोटी सरत आली असेल," मी म्हटलं.

"निघू आपण," हे म्हणाले. त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांनाही खात्री नव्हती.

खाडीच्या मध्यावर मागचं चाक कालवांच्या खडकावर चढलं आणि फुस्स झालं. गाडी एका अंगाला कलली. सासूबाई ओरडल्या नाहीत, फक्त माझं मनगट धरलं.

हे उतरले. मागे स्टेपनी होती, पण जॅक नव्हता, पाना नव्हता. त्यांनी पाट्या उपसल्या, बॉनेट उघडलं, चिखलात आडवं होऊन गाडीखाली पाहिलं. मी काचेतून समुद्राकडे बघत होते. मघाशी कोरड्या दिसलेल्या रेतीत आता पाण्याची बारीक धार चमकत होती. तिकडून रेतीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन काठाकडे परतत होत्या. त्या परततात म्हणजे भरती लागली, एवढं मला कळत होतं.

"अहो, पाणी आलं!"

"दिसतंय मला!" हे एवढ्या जोरानं माझ्यावर कधीच ओरडले नव्हते.

बायका आमच्याकडे वळल्या. त्यांतली एक रोज याच गाडीतून रेवसला जायची. ती म्हणाली, "जॅक शोधताय व्हय? तुमचा भाऊ गादी उचलून काढतो. सीटच्या खाली हाय."

आम्ही दोघांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या त्याच गादीवर होत्या, आणि पाय हलू द्यायचा नाही असं वैद्यानं बजावलं होतं. यांचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला.

"बघत काय ऱ्हायलास?" सासूबाई म्हणाल्या. "उचला मला."

गोधडीची चार टोकं चार बायकांनी धरली, मी पाय धरला. त्यांना बाहेर काढताना कुठेतरी आत हाड घासल्याचं मला हातांना जाणवलं. सासूबाईंनी पदर दातांत धरला. त्यांच्या कपाळावरचा घाम पुसायला माझा हात मोकळा नव्हता.

गादी उचलली तर जॅक होता, पानाही होता, गंजलेल्या पट्ट्यानं आवळलेला. यांनी जॅक लावला तर तो रेतीतच रुतू लागला. मग गाडीच्या मागचं फळकूट काढून त्याखाली घातलं. पाणी आमच्या घोट्यांपर्यंत आलं. एक नट काही केल्या सुटेना. हे पान्यावर दोन्ही पायांनी उभे राहिले. पाना निसटला, हे पडले, उठले, पुन्हा उभे राहिले. गोधडी मात्र कुणी खाली केली नाही. मी देवाचं नाव घेऊ लागले आणि मधेच ते विसरून नुसतंच "लवकर, लवकर" म्हणत राहिले.

चाक बसलं तेव्हा पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. सासूबाईंना आत ठेवलं. बायकांनी मागून रेटलं, गाडी दोनदा रुतली, तिसऱ्यांदा सुटली आणि गुरगुरत पलीकडच्या काठावर चढली. मागे वळून पाहिलं तर त्या बायका कासोटे भिजवत परत निघाल्या होत्या. त्यांचे आभार मानायचेही राहून गेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पायाला वजन बांधून त्यांना कितीतरी दिवस आडवं ठेवलं. हाड जुळलं, पण पाय थोडा आखूड राहिला. पुढे काठी टेकत त्या पुन्हा मासळी वाळवायच्या खळ्यावर जाऊ लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ही हकिगत त्या हसत सांगत, आणि दर वेळी खाडीचं पाणी थोडं वर चढे. त्या सांगायला लागल्या की माझ्या हातांना ते हाड पुन्हा घासल्यासारखं वाटे, आणि मी काहीतरी निमित्त काढून चुलीपाशी जाऊन बसत असे.