वहिनींचे बाहेरचे दिवस

“दूर राहा मास्तरीणबाई, मी बाहेर हाओ!” मागच्या ओसरीवर घोंगडी अंथरून वहिनी आडवा हात करून मला अडवायच्या. चेहऱ्यावर असा आनंद, की बघणाऱ्याला वाटावं बाई माहेरी आली आहे.

जठारपेठेत त्यांची-आमची भिंत एक. ते अंजनगावकडचे शेतीवाले. मुलांच्या शाळेसाठी अकोल्यात बिऱ्हाड केलेलं. कापसाच्या गाड्या आल्या की गडीमाणसांची जेवणं घरीच. वहिनींना चुलीपुढून सुटका मिळायची ती महिन्यातले तीनच दिवस. तेव्हा स्वयंपाक सासूबाई करायच्या आणि वहिनी शेंगा फोडत माझ्याकडून कादंबरी वाचून घ्यायच्या. विटाळ मला पटत नसे. पण तो त्यांना इतका मानवला होता, की मी शहाणपण शिकवायला गेले नाही.

पुढे अंगावरून फार जाऊ लागलं. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी गाठी आहेत म्हणून गर्भाशयाची पिशवी काढली. सोबतीला मी होते. आता आवाज घोगरा होईल, मिशा फुटतील, असं भविष्य शेजारणींनी सांगून ठेवलंच होतं. वहिनींनी शुद्धीवर येताच विचारलं ते भलतंच.

“आता मले बाहेर बसता येनार नाही?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “रक्त जाणार नाही. पण दोन्ही बीजकोश चांगले होते, ते ठेवलेत. बाईपणाचे रस पिशवी नाही करत, ते करतात. महिन्याच्या महिन्याला त्यांचं काम चालू राहील. छाती जड होईल, चिडचिड होईल, त्यावरून कळेल तुम्हाला. वयाप्रमाणे थांबतील; कदाचित जरा आधीच.”

वहिनींनी यातलं हवं तेवढं उचललं. बऱ्या होऊन कामाला लागल्या आणि पुढच्याच महिन्यात घोंगडी पुन्हा ओसरीवर!

“काहून वं?” सासूबाई चकित. “पिशवी तं काढली ना तुही?”

“पिशवी काढली, आत्याबाई, बीजकोश हायेत. छाती जड झाली. तुमच्या लेकावर सकायपासून खेकसून राहिली मी. इचारा मास्तरीणबाईले!”

मी मान डोलावली. खेकसणं भिंतीपलीकडे ऐकू आलंच होतं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि चूल पेटवली. शेजारणी येऊन वहिनींची तुळतुळीत हनुवटी न्याहाळून हिरमुसल्या होऊन गेल्या.

अशी काही वर्षं मजेत गेली. मग एका पौषात, भर थंडीत, वहिनी पदराने वारा घेताना दिसू लागल्या. कानशिलं लाल, मानेवर घाम. चाळिशी नुकतीच उलटली होती. “थांबलं वाटते,” एवढंच म्हणाल्या. छाती जड झाल्याचं खोटंच सांगता आलं असतं, कोण तपासणार होतं? पण असल्या बाबतीत खोटं बोलणारी ती बाई नव्हती. दोन महिने घोंगडी खुंटीवरच होती. मला फार वाईट वाटलं.

एकदा मी गेले तेव्हा वहिनी भाकरी थापता थापता घामाने निथळत होत्या. सासूबाईंनी त्यांच्यापुढची परात ओढून घेतली.

“जाय, बाहेर बस.”

“आता कायचं बाहेर, आत्याबाई? सरलं ते सारं.”

“मले सांगतं? मी काय बाई नाही? विटाळ सरला, थकवा सरला काय? तीन दिवस चुलीकडे फिरकू नको.” मग माझ्याकडे वळून, “तुमी काय पाहून राहिल्या? पुस्तक आना तुमचं.”

ऑपरेशनला हूं की चूं न करणारी ती बाई ओसरीवर जाऊन हमसून हमसून रडली. आत सासूबाईंचं भाकऱ्या थापणं चालू होतं.