चार खुणा, एक पेन

जानेवारीतला दुसरा रविवार, दुपारी साडेबाराचा खेळ. हजर: मी, नवरा, मुलगी. मुलीची मैत्रीण येणार होती, आली नाही. तिच्या खुर्चीवर आमचे स्वेटर ठेवले. तिकिटं मी बुधवारीच काढली होती.

सिनेमा मुलीने निवडलेला. देखणा होता. खुनी पांढरे हातमोजे घालायचा, दिवे निळे, मागे संथ पियानो.

"याचे मोजे कोण धुतं गं?" नवरा म्हणाला. मुलीने त्याला कोपर मारलं.

मध्यंतरानंतर पोलीस बाई गोदामाच्या पहारेकऱ्याची वही दिव्याखाली धरते. सात रात्रींच्या सह्या. एकच शाई, एकच दाब.

"बघ आई, सापडला," मुलगी कानात म्हणाली. "पहारा झालाच नव्हता. सह्या नंतर ठोकल्यात."

माझा हात पॉपकॉर्नच्या पुड्यातच राहिला.

चाकणच्या एका कंपनीत मी प्रेस शॉपला, पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनांवर, सुपरवायझर होते. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. तो रोज शिफ्टच्या सुरुवातीला तपासायचा आणि चेकशीटवर खूण करायची. आम्ही सगळेच ती शनिवारी भरायचो, आठवड्याची एकदम. ऑडिटच्या दिवशी माझा कागद कधी अपुरा नसायचा. त्याचा मला अभिमान होता.

एका मंगळवारी लातूरकडचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, सेन्सर मधीच झोपायलाय. तेवढं लिवा."

"लिहिते," म्हटलं आणि डिस्पॅचच्या मागे लागले.

गुरुवारी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तासाभरात साहेबांनी चेकशीट मागितली. ती कोरी होती. कपाटाशी उभी राहून मी सोमवार ते गुरुवार चार खुणा केल्या. सेन्सर चालू, चालू, चालू, चालू.

चौकशीत तो म्हणाला, "मी मॅडमला सांगितलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"चेकशीटवर आहे तेच," मी म्हणाले.

त्याने पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. सेन्सर बंद करून काम केलं असा ठपका त्याच्यावर आला. दोन महिन्यांत कायम व्हायचा होता, तो घरी बसला. त्या कागदावरचा माझ्या पेनचा दाब कोणी पाहिला नाही.

तो अजून चाकणजवळच्या कुरुळीतच राहतो. तिथे त्याला घाईत स्वतःची बोटं घालवलेला म्हणूनच ओळखतात, असं शॉपमधल्या एका जुन्या माणसाने सांगितलं होतं.

पडद्यावर खुनी कधी पकडला गेला, मला आठवत नाही. मी त्या वहीपाशीच थांबले होते.

जिना उतरताना नवऱ्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"आईला आधीच कळलं असणार," मुलगी म्हणाली. "वह्या-याद्यांची माणूस ती."

घरी येऊन आठवड्याची यादी पूर्ण केली. गॅसचं बुकिंग झालं. सासूबाईंच्या गोळ्या आणल्या. पडदे धुतले. तिन्हींपुढे खूण केली. मग शेवटची ओळ, दर रविवारसारखी, नव्या पानावर उतरवली: कुरुळीला जाणे. त्याला सांगणे. कंपनीला लेखी देणे.

तिच्यापुढची जागा रिकामी आहे.