चर्चच्या कपाटातले खुनी

ओलाउगने उमेदीची सगळी वर्षं दरीतल्या गावातून डोंगरावर बस चालवली. बर्फात बस रुतली की ती स्वतः फावडं घेऊन उतरायची आणि आतल्या पुरुषांना म्हणायची, "बसा बसा, तुमचे बूट ओले होतील." थोड्याच वेळात सगळे खाली उतरून बस ढकलत असायचे. माणसं हलवायची तिची ही पद्धत होती. निवृत्त झाल्यावर वरच्या लहानशा लाकडी चर्चची देखरेख तिच्याकडे आली. झाडलोट, शेगडी, मेणबत्त्या आणि घंटा. नवरा तूर्लाइफ गेल्यापासून तिचा दिवस घरापेक्षा तिथेच जास्त जायचा.

ईस्टरच्या आठवड्यात शहरं ओस पडतात आणि डोंगर भरतो. कुणाची स्वतःची केबिन असते, कुणाची सासऱ्याची. सकाळी स्कीइंग झालं की दुपारी उन्हाच्या भिंतीला पाठ टेकायची, संत्रं सोलायचं आणि खुनाची गोष्ट उघडायची. येशूला क्रुसावर चढवलं तो शुक्रवार असो की तो पुन्हा उठला तो रविवार, अख्खा नॉर्वे खुनी शोधण्यात गुंग असतो. टीव्हीवर खून, रेडिओवर खून. दुधाच्या खोक्यावरसुद्धा एक छोटासा खून छापलेला असतो आणि न्याहारी करता करता मुलं तो सोडवतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ओलाउगलाही वाटलं नसतं, पण चर्च रिकामं राहू लागलं होतं.

गेल्या ईस्टरला प्रार्थनेला पाद्रीबाई सुन्निव्हा, ऑर्गन वाजवणारे गृहस्थ, ओलाउग आणि स्कीला लावायचं मेण मिळेल का म्हणून विचारायला आलेला एक माणूस एवढेच होते. त्याला ओलाउगने दार लावून बसवून घेतलं होतं. तरीही यंदा ईस्टरच्या तोंडावर खालच्या चर्च समितीचा निरोप आला. खजिनदार हाल्वार्ड या ईस्टरला स्वतः येऊन बघणार आणि बाकं अशीच रिकामी दिसली, तर पुढच्या वर्षापासून वरचं चर्च ईस्टरला बंद राहणार.

चर्चच्या पडवीत तूर्लाइफने एक फळी ठोकली होती. केबिनवाले वाचून झालेलं पुस्तक तिथे ठेवायचे आणि दुसरं उचलायचे. पडवीत गर्दी असायची, पण आतलं दार कुणी उघडत नसे. तूर्लाइफ या पुस्तकांचा मोठा भोक्ता होता. ओलाउगने मात्र एकही वाचलं नव्हतं.

"मेलेल्या माणसाबद्दल एवढं काय वाचायचं?" ती म्हणायची. "तो काही उठत नाही."

"हे निदान चर्चमध्ये तरी बोलू नका," सुन्निव्हाने एकदा सांगितलं होतं.

निरोप आला त्या आठवड्यात ओलाउगने स्वयंपाकघरातली धारदार सुरी आणली आणि फळीवरच्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कापून काढलं. गठ्ठ्याला रबर लावलं, रबराखाली पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी खोचली आणि सगळे गठ्ठे आतल्या कपाटात ठेवले. कापलेल्या प्रत्येक पुस्तकात शेवटी एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, "उरलेलं रविवारी, प्रार्थनेनंतर, आत."

शुक्रवारपासून लोक यायला लागले.

"ओलाउग, ही काय थट्टा आहे?" पिवळ्या जाकिटातल्या एका बाईने विचारलं. "डॉक्टरने मारलं की बहिणीने?"

"मला काय ठाऊक? मी वाचत नाही."

"मग पानं द्या."

"रविवारी."

"रविवारी आम्ही स्कीला जाणार आहोत."

"जा की. बहीण कुठे पळून जाते?"

हे सगळं सुन्निव्हाच्या कानावर गेलं. "हे लोकांना ओलीस धरणं झालं," ती म्हणाली.

"ओलीस कसलं? ठेव आहे. रविवारी परत मिळेल."

"आणि पुस्तकांना सुरी लावलीत ते?"

"एवढे खून असतात त्यांच्यात. एक सुरी काय जड झाली?"

गर्दी होणार म्हणून शनिवारी ओलाउगने शेगडी कधी नव्हे इतकी पेटवली. कपाट शेगडीला लागूनच होतं, याचा तिने विचार केला नाही.

रविवारी बाकं भरली. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे राहिले. त्यात हाल्वार्डही होता, टोपी हातात घेऊन. प्रार्थना झाली, गाणी झाली. दगड सरकवलेला आणि आतला देह नाहीसा, असं सुन्निव्हाने वाचलं, तेव्हा मुलांच्या रांगेतून "मग कुणी नेला?" असा आवाज आला आणि चर्चभर हसू पसरलं. सुन्निव्हाही हसली.

मग ओलाउगने कपाट उघडलं. उष्णतेने रबरं तुटली होती. दार उघडताच गठ्ठे घसरले आणि पानं आणि चिठ्ठ्या एकदमच जमिनीवर आल्या. त्या स्वस्त पुस्तकांच्या पानांवर पुस्तकाचं नावही छापलेलं नव्हतं. आता हे सगळे चिडून निघून जाणार आणि हाल्वार्ड तेही बघणार, असं तिला वाटलं.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "सगळं एकमेकांत मिसळलंय. कुठलं पान कशाचं, मला सांगता येणार नाही."

मग एक म्हातारा उठला, वाकला आणि त्याने मूठभर पानं उचलली. "माझ्या गोष्टीत दातांचा डॉक्टर होडीच्या शेडमध्ये मेलाय. कुणाकडे दातांचा डॉक्टर आहे का?"

"माझ्याकडे एक विधवा आहे. रडतेय आणि कबुली देतेय."

"कशाची?"

"ते कळलं असतं तर मी इथे कशाला बसले असते?"

बघता बघता बाकांवर पानं पसरली. अनोळखी माणसं एकमेकांना आपापले मुडदे समजावून सांगू लागली. ओलाउगने कॉफी ठेवली, कुणीतरी केबिनवरून मनुका घातलेले पाव आणले. डॉक्टर निर्दोष निघाला तेव्हा पिवळ्या जाकिटातल्या बाईने मान हलवली. "मला बहिणीवर पहिल्यापासून संशय होता," ती म्हणाली, आणि तिच्या नवऱ्याने छताकडे पाहिलं.

शेवटी हाल्वार्डने कोटाच्या आतून पडवीतल्या फळीवरचंच एक पुस्तक काढलं.

"तुम्ही बाकं बघायला आला होतात ना?" ओलाउगने विचारलं.

"ती बघून झाली. जहाजाच्या कप्तानाला विष कुणी दिलं ते बघायचंय."

सगळ्यांनी शोधलं. कप्तान कुठेच नव्हता. हाल्वार्डचा चेहरा उतरला.

"शोधून ठेवते," ओलाउग म्हणाली. "पुढच्या ईस्टरला या, देते."

"पुढच्या ईस्टरला हे चर्च उघडं असलं तर."

"ते तुमच्या हातात आहे."

हाल्वार्डने पुस्तक पुन्हा कोटात घातलं, बटणं लावली. "उघडं राहील," तो म्हणाला. "त्या कप्तानाला असं अर्धवट सोडून मला झोप यायची नाही."

दुपारी झाडलोट करताना ओलाउगला शेगडीमागे पानांचा एक गठ्ठा सापडला. ती तो घेऊन बाहेर आली, चर्चच्या उन्हाच्या भिंतीला पाठ टेकून बसली, संत्रं सोललं आणि आयुष्यात पहिल्यांदाच खुनाची गोष्ट वाचली, तीही शेवटाकडून. विष कप्तानाच्या आईने दिलं होतं. आता आईने असं का केलं, ते कळायला अख्खं पुस्तक हवं होतं आणि ते हाल्वार्डच्या कोटात होतं.

सुन्निव्हा बाहेर आली, तिने पानांकडे पाहिलं. "त्याची केबिन तळ्याच्या पलीकडेच आहे. नेऊन देणार ना?"

तळ्यावरून एक अख्खं कुटुंब कुत्र्यासकट स्कीइंग करत चाललं होतं.

"बर्फ फार पातळ झालाय," ओलाउग म्हणाली, आणि पानं गाण्यांच्या पुस्तकांमागे ठेवायला आत गेली.