पाखराची एकादशी

आमच्या घरचं पाखरू एकादशी धरतं, हे डॉक्टरांसमोर सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वडिलांनी जन्मभर कानडी मुलखात, देवराज मोहल्ल्यात कपडे शिवले. आई गेल्यावर मी त्यांना बोगादीला माझ्याकडे आणलं आणि सोबतीला एक कॉकाटील, तुरेवाली छोटी पोपटीण, घेतली. वडील विठ्ठलाचे भक्त, एकादशीला घरात धान्याला हात नाही. मग पाखराच्या वाटीत तरी राळे कसे घालायचे? त्यांनी आपल्या ताटातली साबुदाण्याची खिचडी तिला भरवली, चांगली तूपमीठ घातलेली. बाईसाहेबांना ती इतकी आवडली की मग रोजच ताटातलं सुरू झालं. चकली काय, लोणच्याचा भात काय! मी ओरडले की म्हणायचे, "गप, सुम्ने ऱ्हा गं. एकट्याला घास उतरत नाही."

एका सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली दिसली. डॉक्टर चांगलेच तापले. एवढ्याशा जिवाला एवढं मीठ? खारट, तळलेलं, गोड सगळं बंद. राळे बेताने, बाकी पालेभाजी, गाजर आणि पक्ष्यांचं तयार खाद्य. वडील मान खाली घालून ऐकत होते.

"वाचेल, अल्वा, वाचेल ना?" एवढंच त्यांनी अर्ध्या कानडीत विचारलं.

हळूहळू ती सावरली. पुढच्या एकादशीला वडिलांनी स्वतः तिच्या वाटीत राळे घातले आणि देवाला सांगितलं, "हिचा उपास माझ्यात धर." पण बरी होताच ती पुन्हा ताटाच्या काठावर येऊन बसायला लागली. जेवणाच्या वेळी मी तिला पिंजऱ्यात कोंडलं. तर वडील अर्धपोटी उठायला लागले. ते पाहून माझा जीव तुटायचा.

मग एक दिवस म्हणाले, "उद्यापासून माझं अळणी कर. भाजी नुसती उकडून दे. मग तिला सोड."

मला आनंद व्हायला हवा होता, पण संतापच आला. वडिलांना रक्तदाब. मीठ सोडा म्हणून आई शेवटपर्यंत विनवत होती, आणि हे तिच्यासमोर पापडावर पापड मोडत होते.

"आईने एवढं सांगितलं, तेव्हा का नाही ऐकलं?"

त्यांनी गाजराचा तुकडा पाखरापुढे धरला.

"तुझी आई भांडायची गं माझ्याशी. ही कुठे भांडते, बिचारी? मी देईन ते खाते."